परीक्षेच्या आदल्या रात्री जागायचे कोणी?

फेब्रुवारी लागला की वस्तीत दोन घरांचे दिवे उशिरापर्यंत जळतात. एक लग्नघरचा आणि दुसरा दहावी-बारावीच्या लेकराच्या घरचा. सकाळी नळावर आई कौतुकाने सांगते, "काल पोरगी तीन वाजेपर्यंत वाचत होती." बाकीच्या बाया मान डोलावतात. ज्या घरचा पोरगा दहाला झोपला, त्या घरची आई मात्र गप्प राहते. जणू तिच्या लेकराने काही गुन्हाच केला.

आम्हाला या अंकात नेमके उलटे सांगायचे आहे. परीक्षेच्या दिवसांत झोप मोडून केलेला अभ्यास कौतुकाचा नाही, तो तोट्याचा आहे. आणि लेकराला वेळेवर झोपता यावे, वेळेवर खाता यावे, दोन तास शांत बसता यावे, ही जबाबदारी एकट्या लेकराची नाही. ती घराची आहे, शेजाऱ्यांची आहे आणि विहार समितीचीही आहे. या दिवसांत कोणी जागायचेच असेल, तर आपण मोठ्यांनी जागावे.

परळच्या खोलीतली राखण

आपल्या घरात अभ्यासाचा विषय निघाला की बाबासाहेबांचे अठरा तास निघतात. जयंतीच्या निमित्ताने ठिकठिकाणी सलग अठरा तास वाचनाचा उपक्रम होतो. मुले-मुली सकाळी विहारात, वाचनालयात, महाविद्यालयात बसतात आणि रात्री उशिरा उठतात. उपक्रम चांगला आहे, तो वाढला पाहिजे. पण तोच आकडा आपण दहावीच्या लेकरासमोर परीक्षेच्या आठवड्यात रोज ठेवतो. "बाबासाहेब अठरा तास वाचत होते, तुला चार तास बसवत नाही?" असे म्हणतो. या वाक्याने लेकरू अभ्यासाला लागत नाही, ते घाबरते. मग झोप टाकते, जेवण टाकते आणि पुस्तक समोर धरून पेंगत बसते.

बाबासाहेब शाळेत होते तेव्हाची गोष्ट मात्र आपण अर्धीच सांगतो. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात ती आली आहे. मुंबईत परळच्या चाळीत सुभेदार रामजींच्या कुटुंबाला एकच खोली होती. तिथेच चूल, तिथेच भांडी, तिथेच सगळ्यांचे अंथरूण. झोपलेल्या भीमरावाच्या उशाशी जाते आणि पायथ्याशी शेळी. वाचायला बिनकाचेचा दिवा. एवढ्या गर्दीत अभ्यास कसा व्हायचा? सुभेदारांनी वाट काढली. मुलाला संध्याकाळी लवकर झोपवायचे, आपण स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, चाळ शांत झाली की मुलाला उठवून अभ्यासाला बसवायचे आणि मग त्याच्याच जागेवर आपण आडवे व्हायचे.

या गोष्टीतला दोनचा आकडा घेऊ नका. त्या खोलीत दुसरा इलाज नव्हता म्हणून दोन वाजले. घ्यायची आहे ती सुभेदारांची व्यवस्था. त्यांनी आधी मुलाच्या झोपेची सोय केली, मग अभ्यासाची. आणि त्या झोपेची किंमत त्यांनी स्वतः जागून मोजली. मुलगा जागत होता आणि बाप घोरत होता, असे त्या खोलीत झाले नाही.

१९०७ साली भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. गुण होते ७५० पैकी २८२. आजच्या भाषेत ३८ टक्क्यांच्याही आत. तरीही वस्तीने त्यांचा सत्कार केला. सभेचे अध्यक्ष सी. के. बोले होते. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढचे सगळे त्यानंतर घडले. या २८२ गुणांकडे आपण शेवटी पुन्हा येणार आहोत.

अठरा तासांबद्दल आरोग्याच्या पानावर आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. बाबासाहेबांनी आयुष्यभर शरीर झिजवले, त्याची किंमत शरीराने वसूल केली. मधुमेह जडला, पायांच्या वेदनांनी उत्तरायुष्यात त्यांना हैराण केले. महापरिनिर्वाण झाले तेव्हा वय ६५ होते. आपल्यासाठी कोणीच नव्हते म्हणून ते एकटे जळले. आता त्यांच्यामुळे आपण लाखो आहोत. मग आपल्या पंधरा वर्षांच्या लेकराने एकट्याने का जळावे?

झोपेत अभ्यास मुरतो

दिवसा वाचलेले डोक्यात आधी कच्चे असते. गाढ झोपेत मेंदू ते पुन्हा चाळतो, नको ते टाकतो आणि हवे ते पक्क्या जागी ठेवतो. गवंडीकाम करणाऱ्या आपल्या बांधवांना हे वेगळे समजावायला नको. स्लॅब टाकला की त्यावर पाणी मारून तो मुरू द्यावा लागतो. ओल्या स्लॅबवर कोणी दुसरा मजला चढवत नाही. रात्रभर जागून पाठांतर करणारे लेकरू नेमके तेच करत असते.

१३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते, असे झोपेचे तज्ज्ञ सांगतात. आपल्याकडे दहा तास जमणार नाहीत, पण आठ तास जमवता येतात. न झोपल्याने काय होते, याबाबत ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. सलग १७ तास जागलेल्या माणसांचा हात आणि डोके दारूचा अंमल असलेल्या माणसाइतके मंद चालते, आणि २४ तास जागल्यावर तो अंमल दुप्पट धरावा, असे त्यांना आढळले. पाचवे शील पाळणाऱ्या घरातून आपण लेकराला अशा अवस्थेत पेपरला पाठवतो आणि वर म्हणतो की पोरगी फार मेहनती आहे.

सकाळच्या सत्रातला पेपर ११ वाजता असतो. म्हणजे लेकराचा मेंदू सकाळी ११ ते दुपारी २ या वेळेत ताजा हवा. महिनाभर रात्री एक-दोनपर्यंत जागून सकाळी नऊला उठणाऱ्या लेकराचे शरीर अकराला नुकते जागे होत असते. ही सवय एका रात्रीत बदलत नाही. म्हणून पहिल्या पेपरच्या आठ-दहा दिवस आधीपासून घड्याळ फिरवायला घ्या. रोज अर्धा तास आधी अंथरूण धरले तरी पेपरपर्यंत जमून येते. रात्री नऊला अंथरूण आणि पहाटे पाचला उठणे, हे बहुतेक घरांना झेपणारे वेळापत्रक आहे. पहाटे वस्ती शांत असते, हवा गार असते आणि झोप झालेले डोके एका तासात रात्रीच्या तीन तासांचे काम करते.

चहाचे एवढेच ध्यानात ठेवा की त्याचा अंमल पाच-सहा तास पूर्ण उतरत नाही. दुपारी चारनंतर लेकराला चहा-कॉफी देऊ नका. झोप उडवण्याच्या गोळ्या कोणी सुचवल्या तर त्या माणसाला दारातूनच परत पाठवा.

तथागतांच्या संघातल्या सोण भिक्खूची गोष्ट आपण धम्मप्रवचनात ऐकतो. पायांतून रक्त येईपर्यंत तो चंक्रमण करीत राहिला, तरी मन स्थिर होईना. तो पूर्वी वीणा वाजवणारा होता. तथागतांनी त्याला वीणेच्या तारांची आठवण दिली. तार फार ताणली तर सूर लागत नाही, फार ढिली सोडली तरी लागत नाही. मध्यम मार्ग हा फक्त भिक्खूंसाठी आहे असे नाही. दहावीच्या वेळापत्रकालाही तो लागू आहे.

शेवटच्या दिवसांची उजळणी

शेवटच्या आठ दिवसांत नवा धडा उघडू नये. जे वर्षभर वाचले तेच वर आणावे. ते वर कसे आणायचे हे मात्र शिकले पाहिजे. आपली बहुतेक मुले तेच पान पाचदा वाचतात, खाली रेघा ओढतात आणि ते ओळखीचे वाटले की "आले" म्हणतात. ओळखीचे वाटणे वेगळे आणि पुस्तक मिटून सांगता येणे वेगळे.

अमेरिकेतल्या रोडिजर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर याची परीक्षा केली. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचून, उतारा बाजूला ठेवून, आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे निघाले. म्हणून लेकराला सांगा, पान एकदा वाच, पुस्तक मिट आणि कोऱ्या कागदावर लिही. अडले की उघड, बघ, पुन्हा मिट.

यात अशिक्षित आईसुद्धा शिक्षिका होऊ शकते. तिने भाकरी थापता थापता एवढेच म्हणायचे, "आज काय वाचले ते मला सांग." आईला समजेल अशा शब्दांत सांगताना लेकराला स्वतःला कळते की आपले कुठे अडते. प्रकाशसंश्लेषण चुलीजवळ समजावून सांगता आले, तर ते पेपरमध्येही लिहिता येते.

आठवड्यातून दोनदा तरी जुनी प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवावी. भाषेचा ८० गुणांचा पेपर ३ तासांत, गणित आणि विज्ञानाचा प्रत्येक भाग ४० गुणांचा, २ तासांत. ती सकाळी अकरालाच सोडवायला बसवा. हाताला लिहायची आणि शरीराला त्या वेळेची सवय लागते.

आदल्या दिवशी संध्याकाळी फक्त स्वतःच्या हाताने काढलेली टिपणे बघावीत. आठ वाजता दप्तर भरून ठेवावे: प्रवेशपत्र, दोन पेन, पेन्सिल, पट्टी, साधे घड्याळ, पाण्याची बाटली. मग पुस्तक बंद. मोबाइल घरातल्या मोठ्या माणसाच्या उशाशी. रात्री ग्रुपवर "उद्याचे हमखास प्रश्न" आणि "फुटलेला पेपर" फिरतो, त्यात खरे फार थोडे असते आणि झोप मात्र नक्की उडते. फुटलेल्या पेपरच्या मागे धावणे आणि केंद्राच्या भिंतीवर चढून चिठ्ठी फेकणे एकाच माळेतले आहे. चिठ्ठी पुरवणारा काका लेकराला मदत करत नाही, "तुझ्याच्याने होणार नाही" असे सर्वांसमोर सांगत असतो. पंचशील म्हणणाऱ्या घराने हे करू नये.

मुलींचे वेळापत्रक वेगळे का?

आता मुलींबद्दल स्पष्ट बोलू. एकाच घरात बारावीचा भाऊ आणि दहावीची बहीण असेल, तर सकाळी भाऊ पुस्तक घेऊन बसतो आणि बहीण पाणी भरते, झाडलोट करते, भांडी घासते. आई वावरात हरभरा सोंगायला गेली की स्वयंपाकही तिच्याकडे येतो. मग तिचा अभ्यास सुरू होतो रात्री दहाला. ती रात्री जागते कारण तिचा दिवस आपण घेतलेला असतो. तिला "लवकर झोप" म्हणायच्या आधी तिच्या हातातले भांडे आपण घेतले पाहिजे. या पंधरा दिवसांत पाणी भावाने भरावे, भांडी वडिलांनी घासावीत. ७ फेब्रुवारीला आपण रमाईची जयंती साजरी करतो. रमाईच्या कष्टाचे गुणगान त्या दिवशी जरूर गावे, पण आपल्या घरातल्या लेकीला तसेच कष्ट पडू नयेत, हा संकल्पही त्याच दिवशी घ्यावा.

दुसरी गोष्ट रक्ताची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्क्यांमध्ये रक्त कमी आहे. म्हणजे दहापैकी सहा जणी. वाचताना डोळ्यांपुढे अंधारी येणे, दोन पायऱ्या चढल्या की धाप लागणे, सारखी झोप येणे, ध्यान न लागणे, याला आपण आळस म्हणतो. पुष्कळदा तो आळस नसतो, हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलेले असते. ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटातून थेंबभर रक्त देऊन तपासणी होते. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी लोह आणि फॉलिक ॲसिडची असते. ती जेवणानंतर घ्यावी, चहाबरोबर घेऊ नये. सोबत लिंबू असेल तर लोह चांगले लागते. शौचाला काळे होते, त्याला घाबरू नये. मात्र परीक्षा आली म्हणून एकदम चार गोळ्या घ्यायच्या नाहीत. रक्त भरायला कित्येक आठवडे लागतात. म्हणून नववीतल्या आणि अकरावीतल्या मुलींची तपासणी आजच करून घ्या, पुढच्या वर्षी उपयोगी पडेल.

तिसरी गोष्ट पाळीची. पेपरच्या दिवशी पाळी येईल म्हणून मेडिकलमधून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आणल्या जातात. डॉक्टरांना न विचारता त्या देऊ नका. मळमळ, डोकेदुखी, मध्येच रक्त जाणे असे त्रास ऐन पेपरात होऊ शकतात, आणि काही मुलींना त्या गोळ्या चालतच नाहीत. पोट दुखत असेल तर गरम पाण्याचा शेक घ्यावा. डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी काही खाल्ल्यावर घ्यावी. दप्तरात जादा पॅड ठेवावे. पाळीत विटाळ नसतो, हे आपण धम्म स्वीकारला तेव्हाच मागे टाकले आहे. मुलीने वडिलांना "पॅड आणा" म्हणायला लाजू नये, एवढे मोकळेपण घरात असू द्या.

ताटात काय, बाटलीत काय

आपल्या तालुक्यातल्या खेड्यांतली कित्येक मुले पेपरसाठी एस.टी.ने किंवा ऑटोने येतात. सकाळी आठ-नऊला घर सोडायचे, साडेदहाला केंद्रावर हजर राहायचे आणि दोनला बाहेर पडायचे. घरी पोचेपर्यंत तीन वाजतात. सकाळी नुसता चहा-बिस्किट घेतलेल्या लेकराला एक वाजता काय आठवणार? शेवटच्या दोन प्रश्नांत गुण जातात, ते अभ्यासात कमी पडले म्हणूनच जातात असे नाही. पोटात काही नसते, हेही कारण असते.

महागडी पावडर, स्मरणशक्तीचे सिरप, बदामाचे डबे यांची गरज नाही. ज्वारीची भाकरी आणि वरण, भाजी-पोळी, शेंगदाणे घातलेले पोहे, उकडलेले अंडे, यांतले जे घरात आहे ते निघण्यापूर्वी पोटभर द्या. पण नेहमी खातात तेच द्या. पेपरच्या सकाळी नवा पदार्थ नको, तेलकट नको, बाहेरचा समोसा तर नकोच. येताना खायला पुडीत फुटाणे आणि गूळ बांधून द्या. घरात पौर्णिमेचे उपोसथ व्रत पाळत असाल तर मोठ्यांनी पाळावे, पेपरच्या लेकराला उपाशी ठेवू नये.

फेब्रुवारी संपता संपता आपल्याकडे ऊन चटका देऊ लागते. मार्चमध्ये दुपारी दोनला केंद्रातून निघणारे लेकरू भर उन्हात एस.टी.ची वाट बघते. पाणी घरून न्यावे, डोक्याला रुमाल असावा. घरी आल्यावर लिंबू-मीठ-साखरेचे पाणी किंवा मठ्ठा द्यावा. लघवीला जावे लागेल म्हणून कित्येक मुली पाणीच पीत नाहीत. त्याने डोके दुखते, लघवीला जळजळ होते. पेपरच्या आधी लघवीला जाऊन यावे आणि घोटघोट पाणी पीत राहावे.

एका खोलीचे घर आणि विहाराचे दार

पण हे सगळे करायचे कुठे? आपल्या बहुतेक घरांत एकच खोली, त्यात टीव्ही, त्यात पाहुणे, बाहेर वस्तीचा गलका. खोली वाढवणे आपल्या हातात नाही, विहाराचे दार उघडणे आपल्या हातात आहे. आपली विहारे वंदनेपुरती उघडतात आणि दिवसभर कुलूपबंद असतात. परीक्षेच्या या महिन्यात विहार पहाटे पाच ते आठ आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ अभ्यासासाठी उघडे ठेवावे. दोन ट्यूबलाइट, चार सतरंज्या, प्यायचे पाणी आणि वीज गेली तर चार्जिंगचे दोन दिवे, एवढेच सामान लागते. मुली निर्धास्त बसाव्यात म्हणून महिला मंडळाच्या दोघी आळीपाळीने तिथे थांबतील आणि मुलींना घरापर्यंत सोडतील. ज्यांना आता झोप कमी लागते ते आजोबा पहाटे कुलूप उघडतील. सुभेदारांची राखण म्हणजे हीच.

आता आवाजाचे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर लाऊडस्पीकर लावायला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे. हा नियम लग्नाला आहे, वाढदिवसाला आहे आणि आपल्या कार्यक्रमांनाही आहे. दुसऱ्याच्या डीजेची तक्रार करायची असेल तर आधी आपल्या मिरवणुकीचा, आपल्या भीमगीतांचा आवाज कमी करावा लागेल. आधी घरी जाऊन हात जोडून सांगावे, "दादा, शेजारी दहावीचं लेकरू आहे." बहुतेक ठिकाणी एवढ्याने भागते. नाहीच ऐकले तर ११२ क्रमांक आहे. आणि ज्या घरात रात्री दारू पिऊन भांडण होते, तिथे पोलिसांच्या आधी समितीने पोचले पाहिजे. त्या घरातल्या लेकराची परीक्षा आपल्या सगळ्यांपेक्षा अवघड आहे. पंधरा दिवस ते लेकरू शेजारच्या घरी झोपले तरी चालेल, पण ते झोपले पाहिजे.

भीती, निकाल आणि कुलूप

पेपर हातात पडताच काही मुलांचे हात गार पडतात, छाती धडधडते, सगळे विसरल्यासारखे वाटते. विसरलेले नसते. शरीर घाबरले की डोके थोडा वेळ दार लावून घेते. ते दार श्वासाने उघडते. डोळे मिटून चार अंक मोजत श्वास आत, सहा अंक मोजत श्वास बाहेर, असे दहा वेळा करावे. ही आनापानाची पहिली पायरी आहे. राज्यातल्या शाळांत मित्र उपक्रम या नावाने आनापानाचा सराव शिकवला गेला आहे. घरीही रोज संध्याकाळच्या वंदनेनंतर दहा मिनिटे सगळ्यांनी मिळून बसावे. ऐन पेपरात पहिल्यांदा करून ते साधत नाही, आधी सवय हवी. मग प्रश्नपत्रिका पूर्ण वाचून येत असलेला प्रश्न आधी घ्यावा.

पेपर सुटल्यावर घरी येणाऱ्या लेकराला "किती पडतील?" असे विचारू नका. "जेवलास का?" असे विचारा. झालेला पेपर पुन्हा तपासत बसू नका, पुढचा पेपर आहे.

एक गोष्ट जड आहे, पण सांगितलीच पाहिजे. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिला, अशी राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी आहे. त्यांत महाराष्ट्र पहिला होता. कारणे अनेक असतात, परीक्षा त्यांतले एक. लेकरू अचानक गप्प झाले, जेवण सोडले, आवडीची वस्तू वाटून टाकू लागले, "माझ्यामुळे तुम्हाला त्रास आहे" असे बोलू लागले, तर त्याला नाटक म्हणू नका. जवळ बसा, सरळ विचारा, एकटे सोडू नका. विचारल्याने वाईट विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे. विचारल्याने मन मोकळे होते. टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येते. आपला जिल्हा कापसाचा आहे, घराघरात फवारणीचे औषध असते. ते खाटेखाली, माळ्यावर, न्हाणीत ठेवू नका. पेटीत कुलपात ठेवा आणि किल्ली मोठ्या माणसाजवळ ठेवा. परीक्षेच्या आणि निकालाच्या महिन्यात तर हे हमखास करा. धक्क्याचा तो पहिला तास निघून गेला की बहुतेक लेकरे सावरतात. कुलूप तेवढा वेळ मिळवून देते.

निकाल मनासारखा लागला नाही तर जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, वर्ष वाया जात नाही. हे लेकराला निकालाच्या दिवशी सांगून उपयोग नाही, आजच सांगून ठेवा. आणि त्या वेळी ७५० पैकी २८२ ही गोष्टही सांगा. त्या गुणांवर त्या मुलाला कोणी ढ म्हटले असते तर काय झाले असते, याचा विचार करा. वस्तीने तसे म्हटले नाही, सभा भरवली. आपणही या वर्षी फक्त नव्वद टक्केवाल्यांचा सत्कार करू नये. पस्तीस टक्क्यांवर निघालेली पोरगी, जी सकाळी पाणी भरून आणि दुपारी वावरात जाऊन पास झाली, तिलाही त्याच मंचावर, त्याच पुस्तकाने गौरवावे.

आमचे विहार समित्यांना एवढेच मागणे आहे. येत्या रविवारी वंदनेनंतर बैठक घ्या. वस्तीत या वर्षी दहावी-बारावीला कोण कोण आहे त्याची यादी करा. कुलूप कोण उघडणार, मुलींना कोण सोडणार, लग्नघरी कोण बोलणार, कोणाच्या घरचे लेकरू कुठे झोपणार, हे नावानिशी ठरवा. पहिल्या पेपरच्या आदल्या रात्री नऊ वाजता यादीतल्या प्रत्येक घरी एक फेरी मारा. दिवा चालू दिसला तर हळूच सांगा, "बेटा, झोप आता. आम्ही जागे आहोत."

जय भीम!